दारातला आकडा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढं नाही, बहिणीपुढं नाही, देवापुढं दिवा लावतानाही नाही. तुला लिहून सांगते, कारण तू समोर नाहीस. समोर कुणी असलं की माझी जीभ टाळूला चिकटते — हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

स्वप्नापासून सुरू करते. मुळापासून सुरू करायला धीर होत नाही.

दुपारची भांडी झाली की मी जरा आडवी होते. डोळा लागला की ते येतं. आमच्याच घराचं दार, पण बंद. कडी नाही, कुलूप नाही — फोनवर असतात तसे आकडे दारावर. आतून एक बाई म्हणते, 'आकडा सांग आन् आत ये.' आणि मी नुसती उभी.

असल्या स्वप्नाचा काय अर्थ असेल? दात पडलेला दिसला तर घरातलं माणूस जातं, साप दिसला तर नवस राहिलाय — आमच्या लहानपणी बायका असं सांगायच्या. पासवर्ड दिसला तर काय, हे त्या बिचाऱ्या कुठून सांगणार?

दारात अडणं मला नवीन नाही. लग्न होऊन परंड्याजवळच्या या गावात आले, तेव्हा नणंदांनी दार अडवलं होतं. नाव घे, मगच आत. मी उखाणा चांगला पाठ करून आले होते. ऐन वेळी एक शब्द फुटला नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सोडा गं त्या मुकीला आत, सैपाक खोळंबलाय." तशी मी आत आले. मुकी हे नाव मात्र मागं लागलं ते लागलंच.

काही वर्षांनी धाकटी जाऊ आली. मंगल. माकणीची, बारावी शिकलेली. तिच्यासाठी उंबऱ्यावर माप ठेवायला मीच होते. नणंदांनी दार अडवलं, तशी ही मान वर करून म्हणाली —

माकणीच्या धरणावर गारगार वारं,
तानाजीरावांचं नाव घेते, उघडा की दारं!

सासूबाईंनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. मी माप सरळ करत खाली बघत होते. माझ्या पोटात जे पेटलं ते त्या दिवशी. एवढ्याशा गोष्टीवरून, असं तू म्हणशील? व्हय, एवढ्याशा.

ती वाईट असती तर सोपं झालं असतं. ती मला आक्का म्हणायची, डोक्याला तेल लावायची. तिचा फोन होता, तो कसा उघडायचा, कसा लावायचा, हे तिनंच मला शिकवलं. घरात दुसऱ्या कुणाला तिनं फोनचा आकडा सांगितला नव्हता. मला सांगितला. का? कारण दुपारी तिचे हात पिठात असायचे, आणि तिला तिची आई ऐकायची असायची.

तिची आई — ती अव्वा म्हणायची — वारली होती. पण जायच्या आधी मंगलनं माहेरी बसून तिचं बोलणं फोनमध्ये भरून ठेवलं होतं. फार काही नव्हतं गं त्यात. हुलग्याचं माडगं कसं करायचं, मधेच खोकला, मधेच शेळीला हाकलणं, आणि सारखं — 'मंगल, जेवलीस का गं?' मंगल म्हणायची, "आक्का, अव्वा लावा की." मी आकडा दाबायची आणि अव्वा लावायची. रोज. मेलेली बाई रोज लेकीला विचारायची, जेवलीस का.

माझी आई मी चौथीत असताना गेली. दोन लहान भावंडं सांभाळायला मी शाळा सोडली. आईचा चेहरा थोडा आठवतो. आवाज — नाही. कितीही डोकं खाजवलं तरी नाही. तुला ठाऊक आहे का, दुसऱ्याची आई रोज ऐकायला कसं वाटतं? मला वाटायचं, हिला उखाणा येतो, हिला सासू येते, हिला मेलेली आईसुद्धा येते. सगळी दारं हिलाच कशी उघडतात?

आणि एक दिवस तिनं मला एक नवीनच तुकडा ऐकवला. मला खूश करायला. अव्वा म्हणत होती, 'थोरल्या जावंला बी दे गं थोडं, तिला माय न्हाय.' मंगल हसून म्हणाली, "बघा आक्का, तुमची बी सय काढलीय तिनं."

कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी गिळल्या असत्या. ती कीव मात्र गिळता आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली होती, फोन चार्जिंगला होता. आकडा कसा बदलायचा, हे तिला एकदा करताना बघितलं होतं. आधी जुना घालायचा, मग नवा, मग पुन्हा तोच नवा. बोटं एकदाही चुकली नाहीत. एक दुपार, असं मी मनाशी म्हणत होते. एक दुपार तरी हिला आईवाचून राहू दे.

संध्याकाळी मंगलनं आकडा घातला. उघडेना. पुन्हा घातला. मग फोनच थांबा म्हणायला लागला. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बारावी शिकलीय म्हणं! सोताचाच आकडा इसरली. आमची मुकी बरी." मंगलचा चेहरा पडला आणि मला — गोड वाटलं. मुकी बरी, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते ऐकायला म्हणून मी गप्प राहिले. एक दुपार गेली, दुसरी गेली.

डेअरीचे मेसेज त्याच फोनवर यायचे, घरात कटकट सुरू झाली. तानाजीभावजी फोन घेऊन परंड्याला गेले. दुकानदार म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं जाईल. भावजींनी माझ्या नवऱ्याच्या फोनवर विचारलं, काय करू? मंगल तो फोन कानाला तसाच धरून चुलीपाशी माझ्याकडं आली.

"आक्का, तुमी तर रोज लावत होता. तुमाला आठवतोय का? कदाचित मीच काहीतरी येगळं घातलं असंल. आठवा की."

बघ, ती माझ्यापुढं उभी होती आणि सगळं माझ्या जिभेवर होतं. चार आकडे. या वेळी पाठ केलेलं विसरलेही नव्हते.

मी म्हणाले, "माझ्या काय ध्यानात राहतंय बाई, मी चौथी शिकलेली."

मला मुकी म्हणतात, पण ते वाक्य माझ्या तोंडून किती सरळ आलं. मंगलनं मान हलवली. फोनमध्ये म्हणाली, "करा मग." आणि भाकरी थापायला बसली. भाकरी थापताना तिचे खांदे हलत होते. मी जाळ सारखा करत राहिले.

तेव्हापासून ते स्वप्न येतं. तूर निवडताना मी मंगलला ते सांगून बसले — अर्धंच. तिनं लगेच फोनमध्ये अर्थ शोधला आणि मोठ्यानं वाचला. स्वप्नात पासवर्ड आठवत नाही, त्या माणसाला आपल्याच लोकांत आपल्याला जागा नाही असं वाटत असतं. मंगल हसली. "तुमाला कोण आत घेईना, आक्का? नाव सांगा, बघते मी त्याच्याकडं."

तिला मी हे सांगितलं नाही, की स्वप्नात मला आकडा आठवतो. चांगला आठवतो. मी तो सांगत नाही. याचा अर्थ त्या फोनमध्ये नव्हता.

आणि आतून जी बाई बोलते, तो आवाज अव्वाचा असतो. खोकल्यासकट. मंगल म्हणते, अव्वा तिच्या स्वप्नात कधीच येत नाही, आवाजही आता धड आठवत नाही. हे ती डोळे पुसत सांगते. मी ऐकून घेते — आणि अव्वा माझ्याकडं येते, तिच्याकडं नाही, याचं मला आत कुठंतरी बरं वाटतं. अजूनही. हेही लिहून टाकते.

परवा मंगलनं नवा फोन घेतला. हात पिठात होते, तिनं त्याचाही आकडा मला सांगितला.

जुन्यावर मी बदलून घातला होता तो एक सात एक सात. शाळेत माझा हजेरी नंबर सतरा होता, तोच दोनदा घातला होता. गुरुजींनी सतरा म्हटलं की मी उभी राहून 'हजर' म्हणायची. तेवढं मला बोलता यायचं.