दुपारची हजेरी

मला राग लवकर येतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात यायचा, तसाच निवृत्तीच्या समारंभातही आला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या तोंडाळपणाचा बराच हात आहे.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, उधन्याच्या एका सरकारी मराठी शाळेत तिसरी 'ब'ला शिकवत होते. शाळेच्या एका अंगाला लूमची खाती, म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दिवसभर खडखडणारे यंत्रमागांचे कारखाने, आणि दुसऱ्या अंगाला आमच्या पोरांच्या गल्ल्या. बहुतेक पोरं धुळे-जळगावकडची. घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानदाराशी गुजराती आणि माझ्यासमोर पुस्तकातलं मराठी, तेही मी डोळे वटारते म्हणून. मी स्वतः त्याच मुलखातली. पण शाळेत अहिराणीचा शब्द मी चुकूनही काढायची नाही. बाई असल्याचा तोरा होता, दुसरं काय.

या पोरांची एक रीत होती. सकाळी येताना दप्तराबरोबर ती बापाचा डबा घेऊन यायची. व्हरांड्यात भिंतीला टेकून डब्यांची रांग लागायची, कापडात बांधलेले, दोरीने बांधलेले, एखादा नुसत्या पिशवीत. मधल्या सुट्टीत शाळेचं सरकारी जेवण भराभर पोटात ढकलायचं आणि डबा घेऊन खात्याकडे पळायचं. बापाची पाळी बारा तासांची. त्याला माग सोडून घरी येता यायचं नाही आणि आईला साडीवर टिकल्या चिकटवण्याचं काम संपवायचं असायचं. मग बाप शेजाऱ्याला आपले माग बघायला सांगून दोन घास खायचा आणि पोर रिकामा डबा घेऊन परत यायचं.

सुट्टी अर्ध्या तासाची. डबा पोचवून, बाप जेवेपर्यंत थांबून परत यायला लागायचा जवळजवळ तास. सुरुवातीला मी उशिरा येणाऱ्यांना बाहेर उभं करून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती पोरं सुट्टीनंतर यायचीच बंद झाली. डबा काही थांबणार नव्हता. मग मी मुकाट्यानं त्यांना 'डब्याची सुट्टी' दिली. नियमात अशी सुट्टी कुठेही नव्हती. त्यापुढची चूक मात्र निव्वळ आळसाची. दुपारची हजेरी पुन्हा घ्यावी लागते, ती पोरं जमेपर्यंत अर्धा तास जातो, म्हणून मी सकाळच्या हजेरीबरोबरच दुपारच्या रकान्यातही शाईनं खुणा करून ठेवायला लागले. तेवढाच शिकवायला वेळ, असं मी स्वतःला समजावायची.

त्या वर्षी तपासणी होणार, असं आमच्या मोठ्या गुरुजींनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, जाहीर केलं तेव्हा त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. तपासायला येणारे साहेब मुलांची परीक्षा घेणार होते, आणि डोकीही मोजणार होते, सकाळी आणि दुपारी. तिसरीच्या दोन तुकड्या. ज्या तुकडीत दोन्ही वेळेला तीस मुलं हजर दिसणार नाहीत, ती बंद आणि तिची मुलं शेजारच्या वर्गात. "तुमच्या 'ब'चा पट बेचाळीस आहे बाई, काळजी नाही," गुरुजी म्हणाले. पण बंद झालेल्या तुकडीच्या शिक्षकाचं काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गुजरातीत त्याला 'फाजल' म्हणतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचा. त्याला उचलून जिथे जागा असेल तिथे टाकतात, आणि मराठी शाळेतली रिकामी जागा तेव्हा तापीपलीकडे एकच होती.

आम्ही उधन्याजवळच नवागामला राहायचो. नवरा सचिन नावाच्या गावी एका कारखान्यात पाळीवर. मुलगी दोन वर्षांची, सासूबाईंच्या अंगाखांद्यावर. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "उधन्यापर्यंत ठीक आहे. त्यापुढे गेलीस तर पोरीला घेऊन जा आणि परत येऊ नकोस." त्या तोंडाच्या फटकळ, पण शब्दाच्या पक्क्या. तुकडी गेली तर नोकरी जाणार, इतकं सरळ होतं ते.

साहेब आले ते बुटके, शांत, गुजराती गृहस्थ. मराठी समजायचं, बोलायचे मात्र आपल्याच भाषेत, थोडी हिंदी घालून. सकाळी अडतीस मुलं हजर. त्यांनी एकेकाला उभं करून वाचायला लावलं. पाढे विचारले. उलटे पाढे विचारले. मला वाटलं आता पोरं गडगडणार, तर एका पोरानं सतराचा पाढा उलटा असा फाडकन म्हटला की साहेबांनी चष्मा काढून पुसला. माझी मान इंचभर लांब झाली असेल. जाता जाता ते व्हरांड्यातल्या रांगेकडे बघून म्हणाले, "बहु सरस. घेरथी टिफिन पण लावे छे." पोरं स्वतःसाठी घरून डबे आणतात असा त्यांचा समज झाला. मी नुसती हसले.

सुट्टी झाली. मी सगळ्यांना दम दिला होता, आज उडत जा आणि उडत या. अर्धा तास संपला, साहेब वर्गात येऊन बसले आणि बाकांवर अकरा मुलं होती. व्हरांड्यातली रांग नाहीशी झालेली. त्यांनी हजेरीपट उघडला. दुपारच्या रकान्यात अडतीस खुणा, सकाळीच वाळलेल्या.

"बेन," ते म्हणाले, "बाकीनां छोकरां क्यां गयां?"

इथे मी शहाणपणानं गप्प बसायला हवं होतं. पण भीती वाटली की माझं तोंड आधी सुटतं. "खात्यात गेलीत डबा द्यायला! अर्ध्या तासाची सुट्टी कोण ठरवतं साहेब? इथून खातं किती लांब आहे, कुणी चालून बघितलंय का?" असं बरंच काही बोलले. वर्गातली अकरा पोरं आ वासून बघत होती. साहेबांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवशे?" येतील का?

"येतील," मी म्हटलं.

दहा मिनिटं झाली. कुणी आलं नाही. माझा धीर सुटला. मी वर्गातल्या सगळ्यात धीट पोरीला बाहेर घेतलं आणि सांगितलं, "पळत जा. खात्याच्या दारात उभी राहून ओरड, की साहेब आलेत, पोरं मोजताहेत, लवकर चला." पोरगी वाऱ्यासारखी सुटली.

पाव तासानं ती एकटीच परत आली, लालबुंद होऊन. "बाई, मी सांगितलं. पण मुकादमानं सगळ्यांना मागच्या दारानं पळवून लावलं. म्हणाला घरात लपा, शाळेच्या रस्त्याला दिसू नका, साहेब धरून नेतील."

मग माझ्या लक्षात आलं. आठवड्यापूर्वीच पलीकडच्या कारखान्यात सरकारच्या कामगार खात्याचा माणूस येऊन गेला होता. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी चार लहान पोरं त्याला सापडली, शेठला दंड झाला, आणि तेव्हापासून उधन्यात सरकारी माणूस पोरं मोजतोय म्हटलं की मुकादमांची दातखीळ बसायची. कुठल्या खात्याचा साहेब, हे त्या खडखडाटात कोण विचारणार? मी सांगावा धाडून माझीच पोरं पांगवली होती.

मोठ्या गुरुजींनी मला दाराआड ओढलं. "चौथीतली वीस पोरं तुमच्या बाकांवर बसवतो. साहेबांना कळायचं नाही." मी नको म्हटलं. त्यात प्रामाणिकपणा होता असं नाही. साहेबांनी सकाळी प्रत्येकाला उभं करून ऐकलं होतं, ते चेहरे ओळखणार हे मला दिसत होतं. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

मग मी आत गेले आणि सगळं सांगितलं. डब्याची सुट्टी, आगाऊ भरलेली हजेरी, मुकादम, सांगावा, सगळं. या वेळी हळू आवाजात. साहेब हजेरीपट मिटून काखेत घेत उभे राहिले आणि म्हणाले, "चालो."

आम्ही गल्लीत शिरलो. पुढे मी, मागे साहेब, त्यांच्या मागे वर्गातली अकरा पोरं, तमाशा बघायला मिळणार म्हणून खूश. भर दुपारी सगळी दारं लावलेली, असं त्या गल्ल्यांत कधी नसतं. पहिलं दार वाजवलं. आतून बाई म्हणाली, "पोर घर नही शे. मामाना गावले गयी." सकाळी हीच पोरगी माझ्यासमोर धडा वाचत होती.

"बाई आहे गं, उघड," मी म्हटलं. दार उघडलं नाही. पुस्तकातलं मराठी, सोबत पँट-शर्टातला माणूस. तिच्या दृष्टीनं मी त्याच्याच बाजूची झाले होते. दारापाशी उभी राहून मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. ज्या तोऱ्यानं चार वर्षं मिरवत होते, त्याचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, "वं माय, मी शाळानी बाई शे. कोनी धरीसन लई जात नही. पोरले बाहेर धाड."

आधी आत कुजबुज झाली. मग दार बोटभर उघडलं, आणि त्या फटीतून माझी पोरगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिनं मला आज पहिल्यांदाच पाहिलं. "बाईले आपली बोली येस!" ती आत ओरडली.

पुढचं दार लवकर उघडलं. त्यापुढची दारं आम्ही पोचायच्या आधीच उघडायला लागली. पोरं खाटेखालून, कोठीमागून निघाली, एक जण तर साडीच्या गठ्ठ्याखालून निघाला, अंगभर टिकल्या चिकटलेला. साहेब भर उन्हात गल्लीत उभे राहून एकेक नाव विचारत होते, लाल शाईनं माझी जुनी खूण खोडून नवी करत होते. वर्गातली अकरा धरून वीस झाली. पंचवीस. एक पोर झोपलंय म्हणाले तर ते उचलून बाहेर आणायला लावलं नाही त्यांनी, आत डोकावून बघितलं आणि खूण केली. एकोणतीस झाली आणि गल्लीत एकच दार उरलं.

शेवटच्या दारात एक बाई आधीच येऊन उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. तिची पोरगी माझ्याच वर्गात. बाईच्या बोटांना गोंद लागलेला. "घरमा कोनी नही," ती म्हणाली. मी अहिराणीत समजावलं. ती माझं ऐकत होती, पण डोळे साहेबांच्या पेनावर. तिच्या घरातलं कुणी याआधी सरकारी माणसानं असंच नाव लिहून नेलं होतं की काय, मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि दहा पावलं मागे जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी म्हटलं, "माय, त्यासले मोजू दे. नही त मनी शाळा जास." मोजू दे, नाहीतर माझी शाळा जाते. असं मी कुणासमोर कधी बोलले नव्हते.

तिनं चौकटीवरचे हात खाली घेतले. "तुम्ही सांगतस म्हनीसन," ती म्हणाली, आत गेली आणि पोरीला दंडाला धरून घेऊन आली.

साहेब वळले. त्यांनी तिसावी खूण केली, खाली आकडा लिहिला, सही केली. ते हजेरीपट मिटणार, तोच ती बाई पुन्हा आत वळली आणि एक तिच्याहून लहान, शेंबडी, नुकतीच झोपेतून उठवलेली पोर कडेवर घेऊन आली.

"हिले बी मोजी ल्या, साहेब," ती म्हणाली. "जूनमा हिले बी धाडसू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही पटावर नाही. त्यांनी मान हलवली, लाल पेन खिशात ठेवलं, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिचं नाव लिहिलं.

पुढे खोट्या हजेरीबद्दल मला लेखी ठपका आला, तो योग्यच होता. त्याच लखोट्यात मधली सुट्टी एका तासाची करण्याचा हुकूमही होता. तुकडी राहिली. जूनमध्ये मी हट्टानं पहिलीचा वर्ग मागून घेतला आणि पहिल्या दिवशी जुन्या हजेरीपटाचं ते शेवटचं पान उघडून पेन्सिलीवरून शाई फिरवली.