हरणं ओढणारा शाकाहारी

मी शाकाहारी आहे. अंडंसुद्धा खात नाही. केक घ्यायचा झाला तर पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचतो, आणि मागे रांग लागली तरी वाचतो. असा मी गेली नऊ वर्षं दर हिवाळ्यात मेलेली हरणं ओढतोय. लोक हसतात. हसू देत.

हरणं मारते माझी बायको. ती कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीत रायफल हातात आली आणि नेम असा बसला की म्हणे सुभेदारानं टोपी काढली. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आल्यावर नोकरी, मुलं, मॉर्गेज यांत कित्येक वर्षं बंदुकीचं नाव नव्हतं. मग हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्यानं तिला जंगलात नेलं. हॅम्पशरमध्ये हरणं इतकी झालीत की नवीन रोप वर येऊ देत नाहीत, म्हणून जंगलांचे मालक स्वतःच शिकाऱ्यांच्या गटांना आत बोलावतात. बाई घरी आल्या त्या शिकारीच्या कोर्सचा फॉर्म घेऊनच. पुढे लायसन्ससाठी पोलीस घरी आले, रायफलचं कपाट पाहिलं, मलाही बाजूला घेऊन विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? म्हटलं, जेवणाचं ताट सोडलं तर उत्तम.

तिच्या गटात सहा जण. जंगल आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर, मालकीण एक म्हातारी बाई. तिची अट एकच: गेटच्या आत इंजिन नाही. गाडी बाहेर लावायची, पुढे पाय. आणि मारलेलं हरीण ज्याचं त्यानं ओढून आणायचं.

पहिल्या वेळी मी गेलो तो निव्वळ काळजीनं. अंधारात एकटी कुठे जातेस म्हणून. ती झाडाला टेकवलेल्या उंच शिडीच्या मचाणावर चढली, मी खाली चहाचा थर्मास धरून बसलो. उजाडता उजाडता एकच आवाज झाला. तिनं खाली येऊन हरणाचं पोट तिथल्या तिथे साफ केलं, तेवढा वेळ मी एका बीच झाडाच्या खोडाकडे तोंड करून उभा होतो. मग तिनं दोर बांधला आणि ओढायला लागली. ते काही मला बघवेना. एवढीशी बाई, वाकून वाकून चिखलातून ओढतेय, आणि मी हात खिशात घालून मागून! दोर तिच्या हातातून घेतला. त्या दिवसापासून ते माझं काम झालं. पुढे गटानं मला सेक्रेटरी केलं, कारण मीटिंगचं टिपण लिहायची हौस दुसऱ्या कोणाला नव्हती, आणि त्याबरोबर एक मतही दिलं.

आता खरं सांगतो. त्या ओढण्यात माझा जीव होता. घरी तिच्या शिफ्ट्या, माझा लॅपटॉप. मुलं ब्रिस्टलला गेल्यापासून तर जेवतानाही दोघांच्या हातात फोन. पण शनिवारी परत येताना, दर शंभर-दीडशे पावलांवर मी दम खायला थांबायचो आणि ती बोलायची. माझ्या आईचं ऑपरेशन कधी करायचं, मुलीनं कोर्स सोडला तर सोडू दे, तिची मॅनेजर किती दुष्ट आहे, सगळं त्या वाटेवर ठरलं. घरी विचारलं तर ‘काही नाही रे’ म्हणणारी बाई तिथे धबाधबा बोलायची. मी आठवडाभर त्या तासाची वाट बघायचो. हे तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

मागच्या नोव्हेंबरात एक मोठी मादी पडली आणि ओढता ओढता माझ्या कंबरेत अशी उसण भरली की मी त्या मादीच्या शेजारी पाचोळ्यात आडवा. बायको आधी हसली. मी उठेना म्हटल्यावर घाबरली. मग डॉक्टर, फिजिओ, सहा आठवडे गरम पाण्याची पिशवी. ‘तू आता काही ओढायचं नाहीस,’ एवढं म्हणाली आणि गप्प बसली. ही गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

जानेवारीच्या मीटिंगचे विषय सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे येतात. एका संध्याकाळी सोफ्यावर बसल्या बसल्या ईमेल आलं: ठराव, हरणं बाहेर आणण्यासाठी गटानं एक इलेक्ट्रिक सायकल आणि मागे जोडायची छोटी ट्रॉली घ्यावी. ठराव मांडणार, माझी बायको. ती तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर लसूण सोलत होती.

‘हे काय आहे?’

‘वाच की. मराठीत लिहू होय?’

मीटिंग गावातल्या पबच्या मागच्या खोलीत झाली. असली सायकल इंजिनात मोडते का, हे मालकीणबाईंनी गटावरच सोपवलं होतं. गटातला सगळ्यात तरुण इंजिनियर म्हणाला, कायद्यानं ती सायकलच धरतात, आवाज नाही, धूर नाही, हरकत कशाला? गटातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, ज्यांचा जन्म लाकडं तोडण्यात गेला, ते म्हणाले, मोटर ती मोटर. भुंकत नाही म्हणून त्याला कुत्रा म्हणायचं नाही का?

मग मी उठलो. काय बोललो म्हणता! आज ट्रॉली येईल, उद्या कोणीतरी त्यावर बसून मचाणापर्यंत जाईल, परवा त्याच्याही पलीकडे. जंगलाचा आतला कोपरा शांत का आहे? तिथे पोचायला तासभर चालावं लागतं म्हणून. हरणालाही तेवढी संधी पाहिजे. ज्याला मांस हवं त्यानं घाम गाळावा, घरी दमत येणं हा त्या जनावराचा मान आहे. माझंच भाषण ऐकून मला गहिवरून आलं. वयस्कर गृहस्थांनी टेबलावर थाप मारली.

बायको म्हणाली, हे सगळं खरं आहे, मला मान्य आहे. पण घाम मांस खाणारा गाळत नाहीये, हा गाळतोय. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘तत्त्वं पुरे झाली. वाकून बुटाची लेस बांधून दाखव.’

बाकीच्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी टिपणात लिहिलं, ‘चर्चा झाली.’

ठराव चार विरुद्ध तीन असा पास झाला. वयस्कर गृहस्थांनी जाता जाता एक अट घालून घेतली: जाताना सगळ्यांनी चालतच जायचं, सायकल गेटजवळच्या शेडमध्ये राहील, हरीण पडलं तरच आत आणायची, आणि तीही शेजारून चालत. बसायचं कोणी नाही. मला विचाराल तर अट शहाणपणाची होती. जंगलात मोटर नसावी हे माझं मत आजही तेच आहे. पण त्या रात्री मला जंगलाचं काही पडलं नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आता तिला माझी गरज नाही.

फेब्रुवारीत सायकल आली. शनिवारी पहाटे पाचला तिनं मला हलवलं. ‘चल.’

‘माझं काय काम आता? मोटर आहे ना.’

वाटलं होतं ती भांडेल. ‘बरं,’ म्हणाली, ‘पड मग. कंबरेला आराम.’ आणि खरंच गेली!

मी पडून राहिलो. मग उठलो, पोहे केले, मीठ दोनदा पडलं, तसेच खाल्ले. साडेनऊला गाडीचा आवाज आला. ती दारात बूट काढत होती, खांद्यावर रायफल, बाकी हात रिकामे. मला, खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या.

‘काय, मोटरला काही मिळालं नाही वाटतं?’

 ती रायफल कपाटात ठेवून कुलूप लावून आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. ‘आली होती मादी. साठ-सत्तर पावलांवर, आडवी उभी. नऊ वर्षांत एवढा सोपा नेम मिळाला नव्हता.’

‘मग?’

‘मग काय? बोट ट्रिगरवर ठेवलं आणि डोक्यात आलं, आता हिला घेऊन तासभर परत चालायचं. बोलायचं कोणाशी? सायकलशी?’ तिचा आवाज चढला, आणि डोळे भरून आले होते. ‘नाही मारलं. गेली ती. नऊ वर्षं तुला हमाल म्हणून नेत होते होय रे मी? तुझी कंबर राहिली तर अजून वीस वर्षं माझ्याबरोबर येशील, म्हणून मेला तो ठराव मांडला. आणि तू रुसून घरी बसलास!’

 एवढं मोठं भाषण ठोकणारा मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हटलं, ‘चुकलो.’ हा शब्द माझ्या तोंडी फारसा नसतो.

मग नाक पुसून तिनं पुन्हा बूट ओढले. ‘जॅकेट घाल.’

‘आत्ता कुठे?’

‘जंगलात. आठवड्याचं साठलंय माझं. आणि मुलीचा फोन आला होता काल, ते तुला माहीतच नाही.’

‘पण हरीण तर...’

‘हरीण गेलं खड्ड्यात. चल की.’

रायफल घरी कपाटात राहिली. गेटजवळच्या शेडमधली सायकल आम्ही बाहेरसुद्धा काढली नाही. ओढायला काहीच नव्हतं, तरी परत यायला दुपारचा दीड वाजला.