वाचल्याच्या खुणा

लालबागच्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेचं ग्रंथालय केवढं, तर एक लोखंडी कपाट. पण त्याच्या किल्लीचा तोरा असा, की ती कमरेला खोचून मी जिना चढू लागले की समोरच्या टॉवरचा वॉचमन उठून उभा राहायचा. शनिवारी सकाळी वाचनाचा तास. नियम कडक. आधी नळावर हात धुवायचे, मग माझ्यासमोर धरायचे आणि मी वास घ्यायचा. इतकी वर्षं इतके हात हुंगलेत, की कोणाकडे आदल्या दिवशी बोंबील होते आणि कोणाकडे मांदेली, हे मी डोळे मिटून सांगेन. वास आला की परत नळ. पान उलटायचं वरच्या कोपऱ्यातून, हलक्या बोटाने. कव्हरं जुन्या कॅलेंडरांची. एकेक पुस्तक शे-दोनशे पोरांच्या हातून गेलेलं, तरी असं कोरं की जणू परवाच छापखान्यातून सुटलंय.

हेच अंगाशी आलं.

शाळेचा पट घसरत एकोणीसवर आला होता. वरून साहेब आले. कपाट उघडायला लावलं, चार पुस्तकं चाळली.

"बाई, ही कोणी उघडलेलीच नाहीत. नोंदवही तुम्ही घरी बसून भरलीत."

"साहेब, पोरांना विचारा ना."

"पोरं तुम्ही पढवाल तेच बोलणार. वाचन दिनाला तपासणी आहे. वापर दिसला नाही, तर पुस्तकं दुसऱ्या शाळेत जातील."

वापर दिसायला हवा? दाखवू की! ही अक्कल माझीच. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फक्त मान हलवली.

पुढच्या शनिवारी मी जाहीर केलं, "आज हात धुवायचे नाहीत. पानं दुमडा, चुरगळा, बोटं उमटवा." पोरांना वाटलं, परीक्षा घेतेय. कोणी हलेना. मग मीच माझ्या कपातला चहा तीर्थासारखा शिंपडला, तशी सुटली! दहा मिनिटांत त्या पुस्तकांनी दोन महायुद्धं पाहिली असावीत.

चौथीतली एक मुलगी तेवढी हात पाठीमागे बांधून बसलेली. तिचं सगळं कपाट दोनदा वाचून झालेलं.

"बाई, पान दुमडलं की तुम्हीच ओरडता ना?"

"आज मी सांगतेय ना गं."

"पण का?"

"पुस्तकं आपल्याकडे राहावीत म्हणून."

तिने एक कोपरा दुमडला आणि लगेच नखाने सरळ केला. मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि तिच्यासमोर एकामागून एक पानं मोडली. ती बघत राहिली.

वाचन दिनाला कपाटाला झेंडूचं तोरण, दारात रांगोळी. आले ते साहेब मात्र दुसरेच; पहिल्यांची बदली झालेली. यांनी पुस्तकं हातात घेतली आणि चेहरा उजळला. "वा, बाई! मुलं खरंच वाचतात." मी एवढी फुगले की दारातून बाहेर पडता आलं नसतं.

मग ते सोबतच्या क्लार्ककडे वळले. "सगळी जीर्ण झालीत. यादीतून कमी करा आणि रद्दीत द्या."

"आणि नवी, साहेब?"

"पट किती?"

"एकोणीस."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

साहेब, ही आम्हीच मुद्दाम खराब केलीत, असं तोंडापर्यंत आलं होतं. मोठ्या बाईंनी मागून पदर ओढला. बोलले असते तर पहिल्या साहेबांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. दुपारी शिपाईमामांनी सुतळीने गठ्ठे बांधले, आणि पोरं जिन्यात दोन्ही बाजूंना उभी राहून बघत होती.

"कुठे नेतायत, बाई?"

"बांधणीला," मी म्हटलं. "नीट करून आणतील."

सोमवारी त्या मुलीने पाठपोट लिहिलेला एक कागद आणला. सगळ्या पुस्तकांची नावं, न बघता लिहिलेली, आणि प्रत्येकासमोर कितवं पान फाटलंय ते. "बांधणाऱ्याला द्या. म्हणजे त्याला शोधावं लागणार नाही."

"देते हं."

मग दर शनिवारी विचारायची, "दिलात ना, बाई?" मी हो म्हणायचे.

एप्रिलात ती दाखला घेऊन गेली. आई पुढे उतरली, ही जिन्यात थांबली.

"आली की हाक मारा हं, बाई. आम्ही समोरच्याच चाळीत राहतो."