सुतासाठी बांधलेली खोली

आज माझ्या घरच्या चार खोल्या भाड्याने आहेत आणि मोहल्ल्यात मला घरमालकीण म्हणतात. काही जण तोंडावर म्हणतात, बरेचसे पाठीमागे. ही बाई पहिल्यापासूनच हिशेबी, असं त्यांना वाटतं. वाटेना का. पण पहिली खोली भाड्याने दिली तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ती खोली मुळात माणसांसाठी बांधलेलीच नव्हती.

ती आमची मागाची खोली. सासऱ्यांनी स्वतः उभी केलेली. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून आम्हा विणकरांच्या घरी मागाची खोली थंड आणि ओलसर ठेवायची रीत होती. मातीच्या जाड भिंती, मातीचीच जमीन, रोज सकाळी तिच्यावर पाण्याचा शिडकावा, आणि खिडकी नाही. उजेड येई तो दारातून आणि छपराच्या कवेलूंत बसवलेल्या एका काचेतून. जमिनीत खड्डा खणलेला. त्या खड्ड्यात पाय सोडून आमचे हे दिवसभर मागावर बसायचे आणि लुगडी विणायचे. माझं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षीच सासरे वारले होते, त्यामुळे त्या खोलीत मी पाहिलं ते फक्त यांनाच.

मग सूत महाग झालं. यंत्रमागाची लुगडी इतवारीच्या बाजारात निम्म्या किमतीला मिळू लागली आणि आमचा माल घेणारा व्यापारी दारात दिसेनासा झाला. माग थांबला. तरी हे सकाळी उठून जमिनीवर पाणी शिंपडायचे, खड्ड्यात पाय सोडून रिकाम्या मागापुढे बसायचे. मला ते बघवत नव्हतं. एक दिवस मी म्हटलं, ही खोली भाड्याने देऊ. दोन दिवस यांनी माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच बोलले.

"दे. पण सूत स्वस्त झालं का माग परत बसवायचा. खड्डा नुसत्या रेतीनं भरायचा, वरतं फरशी मांडायची, सिमिट घालायचं नाई. अन् भिंतीले हात लावायचा नाई."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. माग परत बसावा असं मलाही वाटत होतं. भाडं म्हणजे मधल्या दिवसांची सोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गवंडी आला आणि हसायलाच लागला. सिमेंटशिवाय फरशी डुगडुगेल, भाडेकरू शिव्या घालेल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, शिव्या मी खाईन, तू फरशी मांड. कन्हानची रेती बैलगाडीतून आली. खड्डा मात्र यांनी गवंड्याला भरू दिला नाही. माग सोडवून त्याची लाकडं मागच्या पडवीत नीट बांधून ठेवली. मग रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून थोडा वेळ बसले, उठले आणि घमेल्याने रेती ओतू लागले. मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उगाचच गवंड्यावर खेकसले. चुन्याचा हात मी स्वतः मारला. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि मला वाटलं, झाली खोली.

शेजारणीने भाडेकरू आणून दिले. रेल्वेतला एक तरुण कारकून, त्याची बायको, आणि नुकती पाऊल टाकू लागलेली मुलगी. बायको माहेरची खाप्याची. मी नवी नवी घरमालकीण, त्यामुळे अंगात फार आलं होतं. नळावर कोणी किती बादल्या भरायच्या, शेगडी कुठे पेटवायची, भिंतीला खिळा का ठोकायचा नाही, सगळं मी तिला ऐकवलं. ती मान डोलवत राहिली. फरशी खरंच डुगडुगायची, पण तिने कधी तक्रार केली नाही. मला वाटलं, बाई गरीब स्वभावाची आहे, आपलं नशीब चांगलं.

हिवाळ्यात मुलगी खोकू लागली. आमच्या आणि त्यांच्या मध्ये एकच भिंत, खोकला आमच्याकडे ऐकू यायचा. आधी मी म्हटलं, थंडी आहे, जाईल. मग भिंतींना खालून ओल चढलेली दिसली, माझ्या चुन्याचे पोपडे निघाले. मुलीच्या छातीतून आवाज येऊ लागला. शेजारणीकडून कळलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोरीला कोरडी जागा आणि मोकळी हवा हवी. नवरा-बायको दुसरी खोली शोधत होते, आणि आम्हाला एका शब्दाने बोलले नव्हते. मला ते लागलं. मी तिला विचारलं, काहून वं, मी काय वाघीण आहे, खिडकी पाहिजे म्हणून सांगता येत नव्हतं?

ती खाली बघून म्हणाली, "आमच्या घरीबी माग होता, काकू. खिडकी पाडली का हवा कोरडी होते, मंग माग बसत नाई. कोण्या तोंडानं मांगू?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. डुगडुगती फरशी कशासाठी आहे, तिच्याखाली काय आहे, सगळं.

जेवताना मी यांना ते सांगितलं. त्यांनी भात संपवला, हात धुतला आणि अंथरुणावर पडले. पलीकडे मुलगी खोकत होती. सकाळी बघते तर हे लोखंडी सब्बल घेऊन बाहेरच्या भिंतीपाशी उभे. मी धावले. म्हटलं, "अवो, जाऊ द्या त्याईले. दुसरे भाडेकरू भेटतीन."

"दुसऱ्याईले पोरं नसतीन का?" असं म्हणून त्यांनी सब्बल भिंतीत मारली.

जरीपटक्याच्या एका कबाड्याकडून पाडलेल्या बंगल्याची सागवानी चौकट आणली आणि खिडकी बसली. भिंत हळूहळू सुकली. होळीपर्यंत मुलीचा खोकला गेला आणि ती खिडकीच्या गजांना धरून रस्त्यावरच्या गाईंना हाका मारू लागली. यांनी इतवारीत कापडाच्या दुकानात नोकरी धरली. ज्या यंत्रमागाच्या लुगड्यांनी आमचा माग बंद पाडला, तीच दिवसभर गिऱ्हाइकांपुढे उलगडायची आणि घडी घालायची.

पुढे एका उन्हाळ्यात त्या कारकुनाची बदली झाली आणि खोली रिकामी झाली. सूतही तेव्हा बरं मिळू लागलं होतं, हातमागाच्या लुगड्यांना पुन्हा थोडी मागणी होती. मला आनंद झाला. मी यांना न विचारता गवंड्याला बोलावलं, खिडकी बुजवायला विटा आणवल्या, माती कालवायला लावली. हे दुकानातून आले तेव्हा गवंडी चौकट काढायच्या तयारीत होता.

त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, माग बसवायचा ना आता, ठरलंच होतं आपलं.

ते खोलीत आले. खिडकीपाशी उभे राहिले. बाहेर अजून ऊन होतं, ते त्यांच्या तोंडावर येत होतं. माझ्याकडे न बघता बोलले.

"माह्या बापानं शेवटच्या हिवाळ्यात इथंच बोट ठेवलं होतं. म्हणे, दम कोंडून राहिला, एवढीशी खिडकी पाड. मी म्हणलो, लुगडं अर्ध्यावर आहे, सूत तुटन."

गवंडी थापी हातात धरून उभा राहिला.

"लुगडं पुरं झालं वं," ते म्हणाले. "एक धागा तुटला नाई."

मी गवंड्याला परत पाठवलं. माग आम्ही त्याच उन्हाळ्यात उमरेडच्या एका विणकराला देऊन टाकला. त्याची लाकडं बैलगाडीवर चढत होती तेव्हा हे घरी नव्हते. नवे भाडेकरू यायचे होते, त्यांच्या खिडकीला पडदा लावायची सळई आणायला गेले होते.