अण्णांचा खंजीर आणि आईची विळी

वयाच्या नवव्या वर्षी मी वडिलांच्या खंजिरावर बसले होते. पाऊण तास.

आज अण्णांना जाऊन चाळीस वर्षं झाली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आता ती माहीत असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

अण्णा उज्जैनला सरकारी कचेरीत नकलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांचे कागद सुंदर अक्षरात उतरवायचे.

संध्याकाळी परसात लोहारकाम.

शौक होता, दुसरं काही नाही. देवास गेटजवळ बैलगाड्यांतून फिरणाऱ्या गाडिया लोहारांचा डेरा पडायचा, त्यांच्याकडे बसून शिकले. मोटारीच्या तुटक्या पोलादी कमानी आणायच्या, तापवायच्या, ठोकायच्या. एका हाताने भाता, दुसऱ्या हातात चिमटा. पात्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला की थांबायचं. त्यांचा सगळा जीव त्या एका क्षणात असे.

तापलेलं पातं विझवायला आईचं तिळाचं तेल घ्यायचे. आई म्हणायची, "तुमच्या सुऱ्या माझ्या मुलांपेक्षा जास्त तेल पितात."

बनवायचे बहुतेक विळीची पाती. गावात मनासारखी विळी मिळत नसे, मग ओळखीतली मराठी घरं अण्णांकडे यायची.

पण एक खंजीर होता. वीतभर, दोन्ही बाजूंनी धार. वर्षभर खपून केलेला.

तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. ग्वाल्हेरचे आम्ही एकाएकी मध्य भारत राज्याचे झालो. कचेऱ्या एकत्र होत होत्या. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, याच्या याद्या चालल्या होत्या. घरात सगळे हळू बोलायचे.

मग मुनादी झाली, म्हणजे दवंडी. बिनपरवाना हथियार जमा करा.

अण्णांनी आजोबांची तलवार मुकाट नेऊन दिली. खंजीर दिला नाही. म्हणाले, "तलवार वारशाची होती. हा माझ्या हातचा आहे."

"नोकरी जाईल. वर जेल." आई एवढंच म्हणाली.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं पुजतात. अण्णांनी विळीची अकरा सुटी पाती पाटावर ओळीने मांडली. हळद, कुंकू, झेंडू.

आणि मधोमध खंजीर.

आई म्हणाली, "आज तरी नको."

"पूजेत लपवाछपवी करायची नसते."

ही त्यांची चूक. माणूस इतका सरळ असू नये.

सकाळचे दहा वाजले असतील. मी खिडकीपाशी फुलं निवडत होते. गल्लीत पोलिसांचा दरोगा दिसला, मागे दोन शिपाई. कुणीतरी आमच्याविरुद्ध अर्ज टाकला होता, हे नंतर कळलं.

मी विचार केला नाही. खंजीर उचलला, परकराखाली सरकवला आणि त्यावर मांडी घालून बसले.

दरोगा आत आला. पाटावर अकरा वाकडी पाती, प्रत्येकावर लाल. आता विचार करते तर वाटतं, मीही घाबरले असते.

"बाबूजी, इतने हथियार?"

"हथियार नहीं, विळी है," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

"वो क्या होती है?"

 अण्णांचा चेहरा भट्टीतल्या राखेसारखा.

आई उठली. मधलं एक पातं उचललं, विळीच्या लाकडी पाटाच्या खाचेत बसवलं. खाली बसली, पाट पायाखाली दाबला आणि पत्ताकोबी चिरायला लागली. बारीक, एकसारखी.

दरोगा वाकून बघत राहिला. "बैठकर काटती हैं? हाथ नहीं कटता?"

"जिसे आता है उसका नहीं कटता."

शिपाई हसले. दरोगा नाही. तो पाटाकडे बघत होता. झेंडूच्या मधोमध रिकामी जागा.

"यहाँ क्या था?"

अण्णांनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार, हे मला कळलं. मी जोरात खाली दाबून बसले. पोटरीत काहीतरी गरम झालं.

"यही थी," आई म्हणाली आणि चालत्या विळीकडे बोट केलं.

मग दरोग्याची नजर माझ्याकडे आली. माझ्या गुडघ्याजवळ फरशीवर लाल ओघळ.

आईनेही तो तेव्हाच पाहिला. तिचा हात एकदाच थांबला.

"कुंकू गिरा दिया लड़की ने. एक काम ढंग का नहीं करती."

आणि कोबी चिरू लागली.

त्यांनी परस पाहिला, भट्टी पाहिली, माळा पाहिला. मी हलले नाही. रडलेही नाही. त्या पाऊण तासात मला एकच दिसत होतं, अण्णांच्या हातात बेड्या.

जाताना दरोग्याने प्रसाद घेतला.

दार लागल्यावर आईने मला उचललं. जखमेत हळद दाबली आणि तेव्हा कुठे ती रडली.

अण्णांनी विचारलं, "कुसुम, का केलंस असं?"

"तुम्हाला नेलं असतं."

त्याच संध्याकाळी त्यांनी खंजीर भट्टीत घातला. लाल केला, वाकवला, एक धार ठोकून बोथट केली, टोक मोडलं. त्याची विळी झाली. पुढे नोकरी टिकली, भोपाळला बदली झाली, भट्टी तिकडेही होती. पण टोक असलेली वस्तू त्यांनी परत केली नाही.

ती विळी माझ्याकडे आहे. फोटो टाकलाय. कुणी 'अँटिक' म्हणून विचारू नये. मी रोज वापरते.

अजूनही नवमीला दारावरची बेल वाजली की माझा हात आधी पोटरीवर जातो.

शेवटच्या आजारात अण्णांनी एकदा विचारलं होतं, "दुखतं का गं अजून?"

मी म्हटलं, नाही.

अण्णा, मी खोटं बोलले. थंडीत दुखतं.

तुम्हाला माझा नमस्कार.