पस्तीस जागांचं वऱ्हाड

आता स्वतःच्याच तोंडाने स्वतःची फजिती सांगायची म्हणजे... चहा घ्या आधी, गार होतोय. आणि मध्ये कुणी हसायचं नाही! मला त्या दिवसाचा अजून राग येतो. कुणाचा, ते शेवटी कळेलच.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. सासुरवाडी भडगावची. धाकट्या मेहुण्याचं लग्न ठरलं, मुलगी पिंपळनेरची. वऱ्हाड न्यायला एक मिनी बस, एक जीप. कोण कुठे बसणार, हे ठरवायचं काम मी मागून घेतलं.

का? अहो, थोरल्या मेहुण्याच्या लग्नात मला, घरच्या एकुलत्या एक जावयाला, शेवटच्या सीटवर, चाकाच्या वर बसवलं होतं! मांडीवर लाडवांची टोपली! पारोळ्यापर्यंत गुडघे हनुवटीला लागले होते. हे मी विसरेन? नाव सोडा!

कॉलेजात तेव्हा गणिताची एक लायब्ररी नवीनच आली होती. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली गणितं. आपण प्रोग्राममध्ये अटी द्यायच्या, काय कमीत कमी हवं ते सांगायचं, की ती उत्तर काढून देते. लिनियर प्रोग्रॅमिंग! मला कमीत कमी हवे होते रुसवे. प्रत्येक रुसव्याला मी मार्क दिले.

पहिली अट माझ्या मानाची टाकली. मग बाकीच्यांच्या. नाना, म्हणजे माझे सासरे आबा यांचे भाऊ, आणि मेहुण्याचे मामा एका गाडीत नकोत, एका बैलावरून बारा वर्षं बोलणं बंद. करवलीला खिडकी हवी. धाकट्या आत्याला पेट्रोलचा वास नको. चाळीस अटी भरल्या, बटण दाबलं.

उत्तर आलं: या अटींत बसणारं उत्तरच नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनवर नाही हो, मशीन बिचारं काय करणार! राग आला या खानदानाचा. यांचे रुसवेफुगवे गणितातसुद्धा मावेनात!

रविवारी भडगावला गेलो आणि ओट्यावर उभा राहून सगळ्यांना झाडलं. "बारा वर्षं एका बैलासाठी तोंडं फिरवून बसलात! कॉम्प्युटरने हात टेकले तुमच्यापुढे!"

कॉम्प्युटरने आपलं नाव घेतलं म्हटल्यावर नाना हादरले. मामांच्या घरी स्वतः गेले. दोघे गळ्यात पडले, बायका रडल्या. माझी कॉलर ताठ!

सोमवारी ती अट काढली. उत्तर नाही. आत्याचा वास काढला. करवलीची खिडकी काढली. एकेक करून सगळे रुसवे काढले, तरी उत्तर नाही! याचा अर्थ एकच, माणूस जास्त आहे. कुणीतरी गळायला हवं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा हजर. गळायचं कुणी? जो भांडणार नाही त्याने. अक्का! आबांची थोरली बहीण. मेहुण्याची आई लवकर गेली, त्याला अक्कांनीच वाढवलेलं. महिनाभर आधीच नवं लुगडं घडी करून ठेवलं होतं त्यांनी.

"अक्का, गाडीत जागा नाही. कॉम्प्युटरने सांगितलं."

अक्का लुगडं उचलून पेटीत ठेवायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हातारीले नको म्हणस का तुमना कम्प्युटर?"

बायको माझ्यावर तुटून पडली. "लाज वाटत नाही तुम्हाला? त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला अक्का नकोत?"

आबा शांतपणे बोटं मोजत होते. "जवाईबापू, माणसं पस्तीस, जागा पस्तीस. मंग घोडं कोठे आडनं?"

"तुमची बोटं खरी की लायब्ररी खरी?" माझा आवाज चढला. "मी काय वेडा आहे? अडाण्यांपुढे शहाणपण सांगायचं म्हणजे... थांबा! हा कागदच वाचून दाखवतो सगळ्यांना!"

प्रिंटआउट उघडला आणि रागाच्या भरात खणखणीत आवाजात पहिली ओळ वाचली.

"जावई. जागा, कमीत कमी दोन."

मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दोनच होत्या. मी चाळिसातल्या एकोणचाळीस अटी काढल्या होत्या. राहिली होती ही एक.

मामा म्हणाले, "नाना, आपला बैल बरा हो." आणि बारा वर्षांनी ते दोघे एकत्र हसले. मला बघून!

लग्नाच्या दिवशी अक्का नवं लुगडं नेसून जीपमध्ये पुढे, नवरदेवाशेजारी. मी कुठे? मिनी बसच्या शेवटच्या सीटवर, चाकाच्या वर. जागा मी स्वतः निवडली; राग आता स्वतःचाच, बोलायला तोंड होतं कुठे!

धुळ्याला चहाला थांबलो. अक्का जीपमधून उतरून माझ्या खिडकीपाशी आल्या. तोंडावरची रेघ हलली नाही त्यांच्या.

"जवाईबापू, दोन्ही जागा भेटन्यात ना?"

एकीवर मी होतो. दुसरी मागायला तोंड नव्हतंच, कारण मांडीपासून तोंडापर्यंत लाडवांची टोपली होती.