पिवळोबांचा खिसा

दागिन्यांच्या दुकानात त्यांना सगळे पिवळोबा म्हणत. खडे जडवण्यात हात असा की मालकसुद्धा त्यांना वचकून असायचे, पण अंगातला सदरा कायम पिवळट, धुऊनही न धुतल्यासारखा. "वहिनींना साबण महाग झाला की काय?" असं विचारून सगळे दात काढत. पिवळोबा बापडे हसून सोडून देत.

खरं कारण होतं माणिक पारखायचा जांभळा दिवा. काळ्या कापडाखाली डोकं खुपसून तो लावला की माणिक निखाऱ्यासारखा लाल पेटायचा. पण कपडे शुभ्र करणाऱ्या पावडरीत धुतलेला सदराही त्या दिव्यात निळापांढरा उजळतो. मग एखाद्या खड्याचा मंद उजेड दिसणार कसा? म्हणून लग्न झाल्या झाल्या त्यांनी बायकोला बजावलं, माझ्या सदऱ्यांना पावडर नको, साधा साबण लाव. त्या माउलीने नवऱ्याची वेगळी बादली जन्मभर सांभाळली.

शिवाय एखादा खडा पुडीतून निसटून खिशात यायचा. त्यामुळे धुण्याच्या वेळी हे न्हाणीघराच्या दारातून विचारणार, "खिसा बघितलास का?" आणि ती खिशात बोट फिरवत म्हणणार, "बघितला हो! खजिना नाही सापडला."

तिच्या अंगठीतला माणिक त्यांनीच जडवलेला. खाणीतला परवडत नव्हता, म्हणून कारखान्यात बनवलेला घेतला आणि पहिल्याच दिवशी तसं सांगूनही टाकलं. पोटात काही ठेवणं त्यांना जमायचंच नाही. दिव्याखाली धरला तर तो असा भडकला की ती दचकून मागे सरली.

"अगंबाई! हा का एवढा पेटतो?"

"यात चिमूटभर क्रोमियम असतं. आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड ते गिळतं आणि लाल करून परत देतं. खाणीतल्या दगडात बरेचदा लोखंड असतं, ते मधल्या मध्ये सगळं खाऊन टाकतं. याच्यात लोखंड नाहीच."

"म्हणजे घेतलेलं परत देतो. तुमच्यापेक्षा बरा!"

ती गेली तेव्हा अंगठी हाती आली, पण कोंदण रिकामं. आजारपणात तिने ते तळहाताकडे फिरवून ठेवलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. आपण जडवलेला खडा सुटला हे कळलं तर यांच्या मनाला लागेल, या विचारानेच ती गप्प राहिली असणार.  अंगठी लेकीला द्यायची होती, ती परगावाहून आलीही होती, पण दुसरा खडा बसवायला पिवळोबा तयार होईनात.

शेवटी त्यांनी दुकानातून दिवा मागून आणला. भर दुपारी खिडक्यांना जाड चादरी लावून बापलेक घर धुंडाळू लागले. पण दिसणार काय, कपाळ! पडदे, उशा, लेकीची ओढणी, जमिनीवरचा धागा न् धागा निळा चमकत होता. खुद्द पिवळोबांचा सदराही. ती गेल्यापासून घरातलं सगळं एकाच बादलीत, पावडरीत धुतलं जात होतं. आपला झगझगीत सदरा बघून त्यांना इतकं एकटं वाटलं की ते तिथेच खाली बसले.

लेकीने कपाट उघडलं. आतल्या चकचकीत घड्यांमध्ये एकच घडी काळीकुट्ट होती.

"बाबा, हा सदरा का नाही उजळत?"

"तुझ्या आईने धुतलेला शेवटचा आहे तो. घालायचा धीर होत नाही गं."

पण हाताला जन्माची सवय. सदरा मांडीवर घेतला आणि बोट आपोआप खिशात गेलं, तळाच्या शिवणीशी अडलं. त्यांनी खिसा उलटा केला. लेकीने दिवा जवळ धरला. शिवणीत लाल ठिणगी पेटली. खिसा तपासताना तिच्याच अंगठीतून तो खडा तिथे सुटला होता.

लेकीला रडू आवरेना. पिवळोबा मात्र हसत होते, आणि हसता हसता त्यांचे गाल भिजत होते.

"खजिना नाही सापडला म्हणे," ते त्या सदऱ्याला म्हणाले. "अगं, मग हे काय आहे?"